रशिया युरोपचा आहे काय?

१६ सप्टेंबर २०२२ ह्या दिवशी युरोपच्या नकाशात कोणताही बदल झाला नाही. उरल पर्वत होता तेथेच राहिला, व्होल्गा नदी पूर्वीसारखीच वाहत राहिली. मात्र त्या दिवसापासून रशियातील चौदा कोटींहून अधिक लोकांचा एक हक्क संपुष्टात आला. आपल्याच शासनाने आपल्यावर अन्याय केला आणि स्वदेशातील न्यायालयांनी दाद दिली नाही, तर फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात असलेल्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे दार ठोठावण्याचा तो हक्क होता. युक्रेनवरील आक्रमणानंतर, १५ मार्च २०२२ रोजी, आपण युरोप परिषदेतून बाहेर पडत असल्याचे मॉस्कोने कळविले. दुसऱ्याच दिवशी परिषदेने रशियाला काढून टाकले आणि सहा महिन्यांनी मानवी हक्कांचा युरोपीय करारही त्या देशाला लागू राहिला नाही. (युरोप परिषद म्हणजे ब्रुसेल्सचा युरोपीय महासंघ नव्हे. १९४९ साली स्थापन झालेली ही निराळी संस्था असून आज तिचे ४६ सदस्य देश आहेत.)

रशिया युरोपात मोडतो की नाही, ह्या प्रश्नावर तीनशे वर्षे वाद चालला आहे. भूगोलतज्ज्ञ, इतिहासकार, सम्राट आणि सेनापती ह्या सर्वांनी आपापली उत्तरे दिली. ह्या प्रश्नाचे खरे मर्म त्या बंद झालेल्या दारापाशी आहे, असे आम्हांस वाटते. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी बराच मागचा रस्ता चालून यावे लागते.

नकाशाची साक्ष फारशी उपयोगाची नाही. रशियाचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग आशियात आहे आणि सुमारे तीन चतुर्थांश लोक उरलच्या पश्चिमेस, म्हणजे युरोपात राहतात. शिवाय उरल ही सीमा निसर्गाने आखलेली नाही. प्राचीन ग्रीक लोक डॉन नदीला युरोपची पूर्वसीमा मानीत. ती सीमा उरलपर्यंत सरकविण्याची कल्पना अठराव्या शतकातली. पीटर सम्राटाचा अधिकारी तातिश्चेव आणि पोल्टाव्हाच्या लढाईनंतर रशियनांच्या हाती सापडलेला स्वीडिश अधिकारी स्ट्रालेनबर्ग ह्या दोघांनी ती मांडली. आपल्या राजधान्या युरोपात याव्यात आणि सायबेरिया ही वसाहत ठरावी, हे नव्या साम्राज्याला सोयीचे होते. राज्यकर्त्यांच्या सोयीने आखलेली रेषा पुढे आपण सर्वांनी शाळेत पाठ केली.

इतिहासाची साक्ष अधिक मोलाची आहे. इ. स. ९८८ मध्ये कीव्हचा राजा व्लादिमिर ह्याने स्नानसंस्कार स्वीकारला आणि त्याच्या प्रजेने नीपर नदीच्या पाण्यात तो घेतला. ही श्रद्धा कॉन्स्टँटिनोपलहून आली. संत सिरिल व संत मेथोडियस ह्या बंधूंच्या कार्यातून घडलेली स्लाव्ह भाषा आणि लिपी तिच्यासोबत आली. पूर्व व पश्चिम ख्रिस्तसभांमधील १०५४ ची फूट तेव्हा पडायची होती. कीव्हच्या यारोस्लाव राजाची कन्या अ‍ॅना हिचा १०५१ मध्ये फ्रान्सच्या पहिल्या हेन्रीशी विवाह झाला. ही मुलगी आपल्या जगाबाहेरची आहे, असे पॅरिसमध्ये कोणाच्या मनातही आले नाही. उत्तरेकडील नोव्हगोरोद शहरात जर्मन व्यापारी शतकानुशतके पेढी मांडून बसले होते.

मग दुरावा आला, आणि तो दोन्ही बाजूंनी आला. १२३७ ते १२४० ह्या काळात मंगोल सैन्याने रशियन नगरे जाळली. पुढे दोनशेहून अधिक वर्षे तेथील राजे खानाला खंडणी देत राहिले. दरम्यान १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील पश्चिमी सैन्याने कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहर लुटले होते. ही जखम ऑर्थोडॉक्स जग आजही विसरलेले नाही, आणि आपण कॅथलिकांनी तिचा उच्चार टाळू नये. १४३९ च्या फ्लॉरेन्स परिषदेत दोन्ही ख्रिस्तसभांचे ऐक्य घोषित झाले, तेव्हा ते मान्य करून परतलेल्या मेट्रोपॉलिटन इसिडोर ह्यांना मॉस्कोच्या राजाने १४४१ मध्ये कैदेत टाकले. बारा वर्षांनी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले. ख्रिस्ती जगातील एकमेव स्वतंत्र ऑर्थोडॉक्स सत्ता आपणच, अशी मॉस्कोची धारणा झाली आणि ‘तिसरे रोम’ ही संकल्पना जन्मास आली.

ह्याच काळातला एक रशियन आपल्या कोकण किनाऱ्यावर येऊन गेला. त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन हा वास्को द गामाच्या पंचवीस वर्षांहून अधिक काळ आधी चौल बंदरात उतरला, पावसाळा जुन्नरला काढून बीदरला गेला. वाटेत लुटारूंनी त्याची धर्मपुस्तके नेली होती, त्यामुळे ईस्टर कधी आहे हे त्याला उमगेना. ह्या गोष्टीचा त्याने वारंवार शोक केला आहे. त्याच्या प्रवासवर्णनाचा शेवट प्रार्थनेने होतो आणि ती प्रार्थना तुर्की, फारसी, अरबी शब्दांच्या मिश्र बोलीत आहे. हा मनुष्य युरोपीय की आशियाई? त्याला विचारले असते तर आपण ख्रिस्ती आणि रशियन आहोत, एवढेच त्याने सांगितले असते. घरी पोहोचण्यापूर्वीच स्मोलेन्स्कच्या आसपास त्याला मृत्यू आला.

पीटर सम्राटाने रशियाला युरोपात नेले, असे पाठ्यपुस्तके सांगतात. १७०३ मध्ये त्याने सेंट पीटर्सबर्गचा पाया घातला, सरदारांच्या दाढ्या कापविल्या, आरमार उभारले. परंतु त्याने युरोपातून नेमके काय आणले, हे श्रद्धावंतांनी तपासून पाहावे. १७२१ मध्ये त्याने पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्माध्यक्ष, हे पदच रद्द केले आणि प्रॉटेस्टंट राज्यांतील धर्ममंडळांच्या धर्तीवर ‘पवित्र सिनड’ नावाचे सरकारी मंडळ नेमले. पुढील वर्षी त्यावर देखरेख करण्यासाठी एक प्रापंचिक अधिकारी बसविण्यात आला. पापनिवेदनात कोणी सम्राटाविरुद्ध कट उघड केला, तर धर्मगुरूने तो शासनाला कळविलाच पाहिजे, असा नियमही त्याच वर्षी आला. दोनशे वर्षे, १९१७ पर्यंत, रशियन ख्रिस्तसभेला पॅट्रिआर्क नव्हता. शासनाचे एक खाते म्हणून जगण्याची सवय तिच्या अंगी मंगोलांनी लावली नाही. ती युरोपीय पद्धतीच्या सुधारणांतून लागली. आजच्या मॉस्कोतील धर्मकारण समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागते.

सम्राज्ञी कॅथरिनने १७६७ मधील आपल्या प्रसिद्ध निर्देशग्रंथात रशिया हे युरोपीय राज्य असल्याचे ठामपणे लिहिले. तिच्याच कारकिर्दीत भूदासांची बेडी अधिक घट्ट झाली. तिनेच प्रशिया आणि ऑस्ट्रिया ह्या दोन निर्विवाद युरोपीय सत्तांशी संगनमत करून पोलंड हे कॅथलिक राष्ट्र तीन वाटण्यांत नकाशावरून पुसले. तेव्हा ‘युरोपीय’ हे विशेषण सदाचाराचे प्रमाणपत्र नव्हे.

एकोणिसाव्या शतकात हा वाद रशियनांच्या घरात शिरला. १८३६ मध्ये चादायेव ह्या विचारवंताचे एक पत्र प्रसिद्ध झाले. बायझँटियमकडून श्रद्धा घेऊन पश्चिमेच्या ख्रिस्ती कुटुंबापासून तुटल्यामुळे रशिया इतिहासाबाहेर पडला, असा त्याचा आशय होता. नियतकालिक बंद झाले, संपादकाची हद्दपारी झाली आणि चादायेव वेडा असल्याचे शासनाने जाहीर केले. (रशिया युरोपीय आहे की नाही, ह्या प्रश्नाचे एक उत्तर त्या सरकारी वैद्यकीय निदानातच मिळाले, असे म्हणता येईल.) स्लाव्हप्रेमी पंथाने उलट बाजू घेतली; दानिलेव्स्की ह्याने १८६९ मध्ये रशिया व युरोप ह्या दोन वेगळ्या संस्कृती असल्याचे प्रतिपादन केले, आणि क्रांतीनंतर परागंदा झालेल्या काही विद्वानांनी १९२१ मध्ये ‘युरेशियावाद’ मांडला. ह्या गदारोळात व्लादिमिर सोलोव्ह्योव ह्या तत्त्वचिंतकाने मात्र ऑर्थोडॉक्स राहूनच रोमशी ऐक्याचे स्वप्न पाहिले. पुढे कवी व्याचेस्लाव इवानोव ह्याने १९२६ मध्ये रोममध्ये कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि आपण आता दोन्ही फुप्फुसांनी श्वास घेत असल्याची भावना व्यक्त केली.

तीच प्रतिमा पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी उचलली व जगभर नेली. पश्चिम युरोपाच्या संत बेनेडिक्टांच्या जोडीस त्यांनी १९८० च्या अखेरीस संत सिरिल व संत मेथोडियस ह्यांना युरोपचे सहआश्रयदाते घोषित केले. तेव्हा बर्लिनची भिंत उभी होती आणि युरोप म्हणजे तिच्या पश्चिमेकडचे सुखवस्तू देश, अशी सर्वत्र समजूत होती. एका पोलिश परमगुरूंनी, ज्यांच्या राष्ट्राने रशियाकडून पिढ्यानपिढ्या सोसले होते, रशियाला युरोपच्या बाहेर ढकलण्याचे नाकारले. आमच्या मते ह्या एका निर्णयात राजनीतिज्ञांच्या अनेक परिषदांहून अधिक शहाणपण होते. जुलै १९८९ मध्ये गोर्बाचेव ह्यांनी स्ट्रासबर्ग येथे ‘समाईक युरोपीय घर’ ह्या कल्पनेचा पुरस्कार केला. १ डिसेंबर रोजी ते व्हॅटिकनमध्ये परमगुरूंना भेटले.

परंतु फुप्फुसे जोडली गेली नाहीत. ११ फेब्रुवारी २००२ रोजी व्हॅटिकनने रशियातील चार कॅथलिक प्रशासकीय विभागांना धर्मप्रांतांचा दर्जा दिला, तेव्हा हा आपल्या क्षेत्रावरील आघात असल्याचे मॉस्कोच्या पॅट्रिआर्क कार्यालयाने जाहीर केले. दोन महिन्यांनी इर्कुत्स्कचे बिशप जेर्झी माझुर ह्यांचा व्हिसा मॉस्को विमानतळावर रद्द करून त्यांना परत पाठविण्यात आले. आपल्या बाजूनेही सारे विवेकाने झाले असे नाही. सत्तर वर्षांच्या छळातून नुकत्याच उठलेल्या भगिनी ख्रिस्तसभेशी आधी बोलणी व्हायला हवी होती, असे मत कॅथलिकांमध्येही होते. ऑगस्ट २००४ मध्ये परमगुरूंनी आपल्या निवासात जपलेली कझानच्या पवित्र मरियेची प्रतिमा कार्डिनल कास्पर ह्यांच्या हस्ते मॉस्कोला परत पाठविली. स्वतः रशियात पाऊल ठेवण्याची त्यांची इच्छा मात्र अपुरीच राहिली. पुढे १२ फेब्रुवारी २०१६ रोजी पोप फ्रान्सिस व पॅट्रिआर्क किरिल ह्यांची भेट झाली ती क्यूबातील हवाना विमानतळावर. हजार वर्षांच्या भांडणाचे ओझे असलेल्या ह्या दोघांना भेटण्यासाठी युरोपात जागा मिळाली नाही!

राजकारणातही दिशा अशीच पालटत गेली. सप्टेंबर २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष पुतिन ह्यांनी जर्मन संसदेत जर्मन भाषेत भाषण करून रशियाच्या युरोपीयत्वाची ग्वाही दिली. २००५ च्या आपल्या वार्षिक भाषणातही रशिया ही मोठी युरोपीय सत्ता होती व राहील, असे ते म्हणाले. मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेल्या परराष्ट्र धोरणात त्याच रशियाचे वर्णन एक स्वतंत्र ‘संस्कृती-राष्ट्र’ आणि युरेशियन महासत्ता असे आहे. ह्या अठरा वर्षांत रशियन माणसाची भाषा बदलली नाही, श्रद्धा बदलली नाही, वाङ्मय बदलले नाही. बदलली ती सत्तेची गरज.

पाश्चात्त्यांचा ह्यात वाटा नाही काय? आहे. नव्वदच्या दशकात रशियन मध्यमवर्ग उद्ध्वस्त होत असताना दिलेले अर्थशास्त्रीय सल्ले, १९९९ चा सर्बियावरील बॉम्बवर्षाव, नाटोचा विस्तार, २००३ चे इराकयुद्ध ह्या सर्वांनी मॉस्कोतील कटुतेला खतपाणी घातले. पण ह्यांपैकी एकही गोष्ट युक्रेनने केलेली नव्हती. जुलै २०२३ मध्ये रशियन क्षेपणास्त्र ओडेसातील रूपांतर कॅथीड्रलवर कोसळले. ते मंदिर परंपरेने मॉस्कोशी नाते असलेल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेचे होते. ज्या कीव्हमधील स्नानसंस्कारावर रशिया आपले ख्रिस्तीपण सांगतो, ज्या व्लादिमिर राजाचा उंच पुतळा २०१६ मध्ये क्रेमलिनजवळ उभारण्यात आला, त्याच कीव्हवर बॉम्ब पडत आले आहेत.

ह्यावर काही युरोपीय लेखक म्हणतात, इतके क्रौर्य करणारे राष्ट्र मुळात युरोपीय असूच शकत नाही. हा युक्तिवाद आम्हांस आत्मवंचनेचा वाटतो. औश्वित्झची छावणी मंगोलांनी उभारली नाही. जर्मनी युरोपात आहे की नाही, असे १९४५ मध्येही कोणी विचारले नाही. त्या राष्ट्राने कोणत्या कायद्यापुढे वाकावे, एवढेच विचारले गेले. ग्रीसचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९६७ मध्ये तेथे लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता बळकाविली, कैद्यांचा छळ सुरू झाला. परिषदेतून हकालपट्टी होणार हे दिसताच डिसेंबर १९६९ मध्ये ग्रीसने स्वतःहून सदस्यत्व सोडले. लष्करशाही कोसळल्यावर नोव्हेंबर १९७४ मध्ये तो देश परत आला. युरोपच्या नावाचे माहेर असलेला ग्रीस ती पाच वर्षे युरोपाबाहेर होता, असे कोणी म्हणेल काय? त्याचे शासन मात्र बाहेर होते.

आता त्या दाराकडे वळू. रशिया २८ फेब्रुवारी १९९६ रोजी युरोप परिषदेत आला आणि १९९८ मध्ये त्याने मानवी हक्क करारास मान्यता दिली. स्ट्रासबर्ग न्यायालयाने रशियाविरुद्ध पहिला निकाल दिला तो ७ मे २००२ रोजी. अर्जदार कोणी विचारवंत वा पुढारी नव्हता. चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर साफसफाईच्या कामावर पाठविलेला आणि किरणोत्सर्गाने प्रकृती गमावलेला तो एक सामान्य माणूस होता. रशियन न्यायालयांनी त्याला भरपाई मंजूर केली होती. निधी नाही ह्या सबबीवर सरकारी कार्यालय ती वर्षानुवर्षे देत नव्हते. स्ट्रासबर्गने सांगितले, पैसे नाहीत हे कारण शासनाला आपल्याच न्यायालयाचा आदेश धाब्यावर बसविण्यासाठी वापरता येणार नाही, आणि त्याला तीन हजार युरो देवविले. रक्कम लहान होती. पण आपल्याहून बलाढ्य असे शासन आपल्यासमोर आरोपीसारखे उभे राहू शकते, हे रशियन माणसाने त्या दिवशी पाहिले.

त्यानंतर चेचन्यात मारल्या गेलेल्यांचे नातलग आले, बेपत्ता मुलांच्या माता आल्या, तुरुंगातील क्षयरोगी आले. श्रद्धेच्या क्षेत्रातील खटलेही आले. १९९७ च्या रशियन कायद्यानुसार धार्मिक संस्थांना फेरनोंदणी करावी लागत होती. मॉस्कोतील साल्व्हेशन आर्मीला ती नाकारताना, ‘आर्मी’ हा शब्द आणि गणवेश पाहता ही निमलष्करी संघटना आहे, असे गंभीरपणे सांगण्यात आले. गोरगरिबांना सूप वाटणाऱ्या मंडळींचे ‘सैन्य’! ऑक्टोबर २००६ मध्ये न्यायालयाने तो नकार अवैध ठरविला. यहोवाच्या साक्षीदारांवर रशियात २०१७ मध्ये बंदी आली; त्यांच्या बाजूने निकाल लागला तो ७ जून २०२२ रोजी, परंतु त्याच महिन्यात रशियाने १५ मार्चनंतरचे निकाल आपण मानणार नाही, असा कायदा केला. त्यांची शिकवण आपणास मान्य नाही; त्यांचा तुरुंगवास मात्र आपल्याही चिंतेचा विषय असावा. १९९७ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत ऑर्थोडॉक्स पंथाची विशेष भूमिका नमूद आहे, आणि रशियातील कॅथलिक हा अल्पसंख्य, बहुधा पोलिश, जर्मन वा लिथुएनियन वंशाचा समाज आहे. ज्या देशात एका लहान पंथाला दाद मागता येत नाही, तेथे दुसऱ्या लहान पंथाची सुरक्षितता सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर उरते. रशियाने व्यापलेल्या बेर्दियान्स्क शहरात नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन ग्रीक कॅथलिक धर्मगुरूंना पकडण्यात आले. व्हॅटिकनच्या मध्यस्थीने त्यांची सुटका झाली ती जून २०२४ च्या अखेरीस. मधल्या दीड वर्षात त्यांच्यासाठी कोणत्याही न्यायालयाची पायरी प्रभावी ठरली नाही.

१६ मार्च २०२२ रोजी, म्हणजे रशियाची परिषदेतून हकालपट्टी झाली त्याच दिवशी, पोप फ्रान्सिस आणि पॅट्रिआर्क किरिल ह्यांचे दूरदृश्य माध्यमातून संभाषण झाले. किरिल ह्यांनी हाती कागद घेऊन वीस मिनिटे युद्धाची कारणे वाचून दाखविली, असे पोप महोदयांनी पुढे एका इटालियन वृत्तपत्रास सांगितले. आपण सरकारी धर्माधिकारी नाही, आपली भाषा येशूची असली पाहिजे, असे त्यांनी किरिल ह्यांना उत्तर दिले होते. मार्च २०२४ मध्ये किरिल ह्यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक रशियन लोकसभेने ह्या युद्धाला ‘पवित्र युद्ध’ म्हटले. मे २०२५ मध्ये नवनिर्वाचित पोप लिओ चौदावे ह्यांनी शांततेच्या वाटाघाटींसाठी व्हॅटिकनची जागा देऊ केली, तेव्हा दोन ऑर्थोडॉक्स देशांनी कॅथलिक भूमीवर चर्चा करणे शोभणार नाही, असे रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव म्हणाले. १०५४ ची फूट अशी मुत्सद्देगिरीच्या कामी आली.

मात्र रशियन ख्रिस्तसभा म्हणजे केवळ किरिल नव्हेत. मार्च २०२२ मध्येच सुमारे तीनशे ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंनी आपल्या सह्यांनिशी युद्ध थांबविण्याचे आवाहन केले होते. मॉस्कोतील एका धर्मगुरूने, सर्व मंदिरांत म्हणावयाच्या अधिकृत प्रार्थनेतील ‘विजय’ हा शब्द बदलून ‘शांती’ असा उच्चारला. त्यासाठी २०२३ मध्ये त्यांचे धर्मगुरुपद काढून घेण्यात आले. कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कांनी ते त्यांना परत दिले. पेत्राच्या वेळेपासून जडलेली सवय मोडू पाहणारी ही माणसे सोलोव्ह्योवची वारस आहेत, आणि युरोपने रशियाला संपूर्णपणे परके ठरविले तर सर्वांत आधी ह्यांच्याच पायाखालची जमीन जाते.

स्ट्रासबर्गच्या न्यायालयात आज रशियाचा न्यायाधीश नाही. रशियन शासन तेथे उत्तर द्यायला येत नाही. तरीही १६ सप्टेंबर २०२२ पूर्वी घडलेल्या घटनांबाबत निकाल देण्याचा अधिकार न्यायालयाने सोडलेला नाही. त्या दिवशी रशियाविरुद्धचे सतरा हजारांहून अधिक अर्ज प्रलंबित होते, आणि त्यांतील असंख्य अर्ज रशियन नागरिकांचेच होते. निकाल लागतात, भरपाईच्या रकमा ठरतात, मॉस्कोला कळविल्या जातात आणि उत्तर येत नाही. ९ जुलै २०२५ रोजी न्यायालयाच्या विस्तारित पीठाने पूर्व युक्रेनमधील अत्याचार आणि २०१४ मध्ये पाडलेले मलेशियन विमान ह्यांबाबत रशियाला जबाबदार धरले, तेव्हाही रशियाच्या बाजूचे बाक रिकामे होते. न पाळलेल्या निकालांच्या त्या फायली बंद करण्यात आलेल्या नाहीत.